दर अर्ध्या तासाला जिथल्या तिथे

१ जानेवारी २०१०, शुक्रवार

सोसायटीकडून डायरी मिळाली. कव्हरवर सुरमईचं चित्र. घरात वाचणारं कुणी नाही, तेव्हा खरं खरं लिहायला हरकत नाही.

संकल्प. रोज सकाळी चालायला जाणे. नवीन सिमकार्ड घेणे, कारण आमचं घर खाली वहाळाकाठी, तिथे माझ्या कंपनीची रेंज येत नाही. आनंदीच्या कंपनीची मात्र तुळशीपाशी उभं राहिलं की तीन दांड्या येते. "तुमी पन हीच कंपनी घेवा," असं ती दोन वर्षं सांगत होती. या आठवड्यात नक्की. मग राखणदाराचं काम पूर्ण करणे. आणि आनंदीला परत आणणे.

गणपतीनंतर चार दिवस म्हणून कुणकेश्वरला माहेरी गेली. आता चार महिने झाले. निदान चारचा आकडा तरी जुळतोय.

२ जानेवारी, शनिवार

चालणं रद्द. थंडी.

आधी राखणदार म्हणजे काय ते लिहून ठेवतो, म्हातारपणी वाचायला उपयोगी पडेल. आमच्या मच्छीमार सोसायटीचं मालवणला कोल्ड स्टोरेज आहे. आत मासळी, बाहेर मी. चेअरमन दाजी मला "तो कॉम्प्युटर" म्हणतात, पण कागदावर सिस्टीम इनचार्ज. स्टोरेजचा कॉम्प्रेसर अधूनमधून बंद पडतो. बाहेरून ते कळत नाही, कारण शेजारचा बर्फाचा कारखाना धडधडत असतो. आत तापमान चढलं की माझा मॉनिटरिंग प्रोग्राम मोबाईलवर मेसेज पाठवतो. कुणाला पाठवायचा ते एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं. पहिला नंबर माझा. दुसरा आनंदीचा, कारण माझा घरी लागत नाही. तिचा वाजला की ती मला हलवून उठवायची.

ती माहेरी गेली तरी नंबर आहे. काढलेला नाही. कारण तांत्रिक आहे.

तर अशा फायली कुणीही उघडून बिघडवू नयेत म्हणून राखणदार. हे एक ऑटोमेशन टूल आहे. मूळ प्रत माझ्याकडे. राखणदार दर अर्ध्या तासाला फेरी मारतो आणि कुणी फाईल बदलली असेल, तिचा मालक बदलला असेल, परवानगीचे आकडे बदलले असतील, तर सगळं जिथल्या तिथे ठेवतो. अमेरिकेत दहा-दहा हजार मशीनना हे लावतात. आपल्याकडे मालवण, देवगड, आचरा, वेंगुर्ला या शाखा धरून चार. तत्त्व तेच.

५ जानेवारी, मंगळवार

राखणदार चालू! नाव मीच दिलं. गावाच्या वेशीवरचा राखणदार जसा रात्रंदिवस फेरी मारतो तसा हा.

गेटवरच्या आबाला कौतुकाने समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दुपारी सर्व्हरपुढे एक केळं नि दोन विड्या ठेवून गेला. म्हणाला, राखणदाराक उपाशी ठेवू नये. मी हसलो. केळं खाल्लं. विड्या ठेवल्यात.

८ जानेवारी, शुक्रवार

ऐतिहासिक दिवस. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कॉम्प्रेसर बंद. सहा सोळाला चालू! आबाने बटण दाबलं. मी तेव्हा गाढ झोपेत. मला मेसेज मिळाला तो साडेआठला, वर सड्यावर चढून रेंजमध्ये आल्यावर. सहा मिनिटांत काम, आणि इनचार्ज झोपलेला. यालाच ऑटोमेशन म्हणतात. दाजींना सांगितलं. म्हणाले, मगे तुझो पगार कित्या?

विनोदी माणूस.

सिमकार्डवाल्याचं दुकान बंद होतं. म्हणजे असणार. त्या बाजूला गेलो नाही.

११ जानेवारी, सोमवार

अंतर्गत शत्रू सापडला. ऑफिसातल्या वर्षालीबाय. बावीस वर्षं नोकरी, दोन मुलगे कॉलेजात, आणि हिंमत बघा, माझ्या फाईलमध्ये घुसून आनंदीचा नंबर काढला आणि तिथे आबाचा घातला.

साडेअकराला राखणदाराने आबाचा काढून आनंदीचा परत घातला. बायने पुन्हा बदलला. बाराला पुन्हा जागेवर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बायने पाच वेळा नंबर बदलला. शेवटी चष्मा पुसत माझ्याकडे आली. म्हणाली, "माका वाटला माझेच डोळे गेले."

मी विचारलं, सांगितलं कुणी बदलायला? तर म्हणे आनंदीने ऑफिसात फोन केला होता, मेसेज नकोत म्हणून. मी म्हटलं, बाय, हा घरगुती विषय नाही, कॉन्फिगरेशनचा आहे. बाय नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला ते बघणं आवडलं नाही.

१२ जानेवारी, मंगळवार

बंदोबस्त केला. प्रत्येक फाईलला परवानगीचे तीन आकडे असतात. पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटातल्या लोकांचा, तिसरा इतरांचा. कालपर्यंत सहाशे चौसष्ट होतं, म्हणजे गटातली वर्षालीबायसुद्धा लिहू शकत होती. आज सहाशे केलं. फक्त मालक वाचणार, फक्त मालक लिहिणार. बाकी दोन्ही शून्य. मालक अर्थात मीच.

आता आनंदीचा नंबर जगातली कुठलीच ताकद काढू शकत नाही. मुद्दा नंबराचा नाही. मुद्दा शिस्तीचा आहे.

१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत

देवगड गाडीच्या ड्रायव्हरबरोबर आनंदीला तिळगुळाचा डबा पाठवला. वर चिठ्ठी: "सर्व सिस्टीम सुरळीत."

१६ जानेवारी, शनिवार

डबा परत आला नाही. म्हणजे ठेवून घेतला. शुभचिन्ह.

चार दिवसांत एकही अलार्म नाही. सिस्टीम इतकी स्थिर कधीच नव्हती.

१९ जानेवारी, मंगळवार

सात दिवस अलार्म नाही. दाजींना लेखी रिपोर्ट दिला.

दुपारी ४. रिपोर्ट परत मागून घेतला.

झालं असं की मॉनिटरिंग प्रोग्राम माझ्या नावाने चालत नाही, त्याला वेगळं नाव असतं. सहाशे केल्यावर तोही "इतर" झाला. त्याच संध्याकाळी लाईट गेली, मशीन बंद होऊन चालू झाली, आणि बिचाऱ्याला स्वतःचीच फाईल वाचता येईना. आठवडाभर गप्प बसून होता. आणि मी कधी हाताने परवानगी सैल केलीच असती, तर राखणदाराने अर्ध्या तासात पुन्हा आवळली असती. दोघेही आपापल्या जागी बरोबर. आता सहाशे चाळीस केलं आणि प्रोग्रामला गटात घेतलं. बायला गटातून काढलं.

हे लक्षात कसं आलं, तर आबा म्हणाला, आनंदी विचारत होती, "मेसेज येणा नाय, मशीन बंद पडला काय?"

मी म्हटलं, आनंदी तुला कशाला विचारेल? तेव्हा आबाने सांगितलं. मेसेज आला की आनंदी त्याला कुणकेश्वरहून फोन करते. तो उठतो, आत जाऊन बटण दाबतो. गणपतीपासून असंच चाललंय. आठ तारखेच्या सकाळीही तिनेच. आबा म्हणाला, "तिचो फोन येता म्हणान मी उठतंय. तुझो राखणदार माका खंय उठयता?"

मग उलगडा झाला. ज्या बाईला नवऱ्याकडे यायचं नाही ती सकाळी सहाला उठून नवऱ्याच्या कॉम्प्रेसरची काळजी करेल? चार महिने? ती परत येणार. नुसता मुहूर्ताचा प्रश्न आहे.

आज खूप दिवसांनी भात नीट शिजला.

२४ जानेवारी, रविवार

देवळात जाऊन कौल लावला. गुरवाने मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या, मी प्रश्न घातला: आनंदी शिवरात्रीपर्यंत घरी येईल काय? डावी पाकळी पडली. म्हणजे नाही. मी म्हटलं, फॅन चालू होता, तो बंद करून घ्या. पुन्हा डावी. तिसऱ्यांदा घ्या म्हटलं तर गुरव म्हणाला, "देव काय तुझो नोकर नाय, किती वेळा विचारतलंस?"

एका देवळावर निष्कर्ष काढता येत नाही.

जुलैमधलं एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. आनंदीला सातवा महिना होता. बारा वर्षांनी दिवस गेलेले. त्या दुपारी मी स्टोरेजच्या आत थर्मामीटरच्या वायरी ओढत होतो. आत भिंती जाड, रेंज नाही. तिने तुळशीपाशी उभं राहून अकरा फोन केले. शेवटी आबाला लावला. आबाने आमच्याकडे मासळी ठेवणाऱ्या तय्यबला गाठलं, आणि तय्यबने मासळीच्या टेम्पोत घालून तिला दवाखान्यात नेलं. मी साडेसहाला बाहेर आलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

मुलगी होती.

नाही गेलं डोक्यातून.

३ फेब्रुवारी, बुधवार

आनंदीचा फोन! ऑफिसच्या लँडलाइनवर, माझ्यासाठी. वर्षालीबायने रिसीव्हर दिला आणि उठून बाहेर गेली.

आवाज चांगला वाटला. तिळगुळ मिळाला म्हणाली. ओरोसला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालंय, तिथेच राहायची खोली, शिवरात्रीनंतर जाणार. येत्या सोमवारपासून हे सिम बंद करतेय, तेव्हा तो नंबर फाईलमधून काढा आणि आबाचा घाला. तीन वेळा म्हणाली. "विसरा नकात, कोणाची तरी मासळी जायत."

मी हो म्हटलं.

विचार केला. ओरोस म्हणजे कुणकेश्वरपेक्षा मालवणला जवळ. म्हणजे ती टप्प्याटप्प्याने येतेय.

६ फेब्रुवारी, शनिवार

नंबर काढायला बसलो होतो. मूळ प्रत उघडली. तिचं नाव आणि खाली नंबर, दोनच ओळी. मी स्वतः टाईप केलेल्या, तेव्हा ती मागे चहा घेऊन उभी होती. माझा नंबर तिच्या वर का, म्हणाली होती.

शिवरात्रीपर्यंत कुठलाही बदल करायचा नाही असं धोरण ठरवलं. मोठ्या कंपन्यांत सणासुदीला असंच करतात. शिवाय बारा तारखेला मी स्वतः कुणकेश्वरला जाणार, तिला घेऊन येणार. मग काढून पुन्हा घाला, ही डबल मेहनत कशाला?

९ फेब्रुवारी, मंगळवार

वर्षालीबायने विचारलं, नंबर बदलला काय? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. तिने निदान वाचण्यापुरती तरी परवानगी मागितली. नकार दिला. एकाला दिली की सगळे मागतात.

तय्यब आज दोन खेपांची सुरमई ठेवून गेला. शिवाय एक पेटी वेगळी, वर खडूने "अरिबा" लिहिलेली. वीस तारखेला लेकीचं लग्न आहे, जेवणाची सुरमई. मला म्हणाला, "सत्यवान, जोडीन येवचा हां, आनंदीक घेवन." म्हटलं, येणारच जोडीने.

सिमकार्ड: कुणकेश्वरच्या यात्रेहून परतल्यावर. आनंदीला घेऊनच दुकानात जाईन, तिला बरं वाटेल.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार. महाशिवरात्र. रात्री परत आल्यावर

सकाळच्या गाडीने गेलो. नवा शर्ट. कुणकेश्वरला ही गर्दी, रांग पार खाली वाळूपर्यंत. मोबाईल खिशात मेल्यासारखा, इतक्या लोकांत कुणालाच रेंज नव्हती. दर्शन घेतलं नाही, आधी तिच्या घरी गेलो.

मागच्या दारी कोकमाचं सरबत गाळत होती. बारीक झालीय. माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली, एखाद्या पाहुण्याला ठेवतात तशी. मी पाठ करून गेलो होतो ते सगळं बोललो. राखणदार, सहाशे चाळीस, नवीन सिम घेणार. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, तुमी इलात नाय त्याचा माका काय नाय. भिंतीआड होतात, तुमका कसा कळतला? पन दवाखान्यात माझ्या खाटीकडे येवन पयला वाक्य काय बोललात? "रेंज नव्हती." चेडू गेला हां माझा, आनि तुमी माका रेंज सांगतास. मगे मी वाट बघलंय, हो मानूस आता तरी सिम घेयत म्हणान. गणपतीपर्यंत बघलंय.

मी उठून खुर्ची घरात नेऊन ठेवली.

निघताना तिने विचारलं, नंबर काढला ना? म्हटलं, नाही अजून. ती एकदम उभी राहिली. सरबताचं पातेलं हातात तसंच. "मगे आज कॉम्प्रेसर बंद पडलो तर आबाक कोण उठयतलो?"

मी म्हटलं, राखणदार आसा.

तिने मला घरातून हाकलूनच दिलं म्हणायचं. बघा जावन, आत्ताच्या आत्ता, म्हणाली. आबाला फोन लावायला स्वतः वाटेवरच्या टेकाडापर्यंत धावली, तिथेही लागला नाही. गाड्या भरलेल्या. रेंज शोधता शोधता माझ्या मोबाईलची बॅटरी वाटेतच संपली. नांदगावमार्गे येईपर्यंत नऊ वाजले.

१३ फेब्रुवारी, शनिवार

कॉम्प्रेसर काल सकाळी अकरा वीसला बंद पडला. मी तेव्हा खुर्चीवर बसून सहाशे चाळीस समजावत होतो.

प्रोग्रामने दर पंधरा मिनिटांनी मेसेज पाठवला. एकोणचाळीस माझ्या नंबरवर, एकोणचाळीस बंद पडलेल्या सिमवर. राखणदाराने अठरा-एकोणीस फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक वेळी पाहून घेतलं की नंबर तोच आहे, परवानगी तीच आहे. एकही चूक नाही. सगळं लॉगमध्ये आहे. ऑफिसला सुट्टी. आबा दिवसभर गेटवर बसलेला, उपवासाचा. आज मला म्हणाला, "माझो फोन खिशातच होतो रे. वाजलोच नाय." हे तो पुन्हा पुन्हा सांगतोय, जणू चूक त्याची आहे.

बायने अकरा जानेवारीला घातलेला नंबर राहिला असता तर तो वाजला असता. पाच वेळा घातला होता तिने.

तय्यबने स्वतः दार उघडलं. पेट्या एकेक करून बाहेर काढल्या. खडूने लिहिलेली शेवटी. वास घेतला आणि झाकण लावलं. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, तू रडू नको, लग्नाक कोंबडी करतलंव. मी रडत होतो हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं.

जुलैमधला टेम्पो हाच. त्यातच पेट्या भरून पुरायला घेऊन गेला.

१४ फेब्रुवारी, रविवार

नंबर काढला. मूळ प्रतीतून. दोन ओळी, त्याला काय वेळ लागतो.

अकराला राखणदार फेरीला गेला. मालवणमधून काढला, देवगडमधून काढला, आचऱ्यातून, वेंगुर्ल्यातून. मी साडेअकरापर्यंत बसून राहिलो, नंबर परत येतो का बघायला. मग बारापर्यंत बसलो. एरवी तो दर वेळी परत यायचा.

आला नाही.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

दाजींनी बोलावलं. रागावले नाहीत. आता मालक वर्षालीबाय. पासवर्ड तिच्याकडे, मूळ प्रत तिच्याकडे. मी गटात. वाचू शकतो, लिहू शकत नाही. खरं तर दाजी मला पूर्ण काढणार होते, बायने गटात ठेवून घेतलं. यादीत आता आबाचा नंबर पहिला. बायने तुझा घालू का विचारलं. म्हटलं, नको, लागत नाही.

आबाने सर्व्हरपुढचं केळं बदललं. त्याला कसं सांगू?

२० फेब्रुवारी, शनिवार

अरिबाच्या लग्नाला गेलो. एकटा. तय्यबने पुढच्या पंगतीत बसवलं. कोंबडी चांगली झाली होती.

तिथे कळलं, आनंदी परवा ओरोसला गेली. तय्यबनेच सामान पोचवलं. माझ्यासाठी काही निरोप आहे का, विचारलं. त्याने खूप आठवून पाहिलं बिचाऱ्याने.

परत येताना दुकान उघडं होतं. आनंदीच्या कंपनीचं सिम घेतलं. एक फोटो, एक सही. पाच मिनिटांचं काम.

घरी येऊन तुळशीपाशी उभा राहिलो. तीन दांड्या. थोडं वाकलं, तिचा हात जिथे असायचा तिथे मोबाईल धरला, तर चार.

तिचा नवीन नंबर माझ्याकडे नाही.

एक मेसेज आला. कंपनीचा. स्वागत आहे म्हणून.